एकाच प्रश्नावर शंभर सुनावण्या कशासाठी? न्यायालय आणि शासनाला खुले पत्र

प्रति,
मा. उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती महोदय
आणि
राज्य शासनाच्या विधी व न्याय तसेच महसूल विभागातील अधिकारी महोदय

विषय : एकाच कारणातून उद्भवणारी शेकडो प्रकरणे आणि त्यांची हाताळणी

महोदय,

मी दिवाणी न्यायालयात वकिली करते. माझ्याकडची बरीचशी प्रकरणे भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याची असतात. कुणाची जमीन तलावात गेलेली, कुणाची कालव्यात, कुणाची रस्त्यात, आणि मिळालेला दर न पटल्यामुळे त्यांनी न्यायालयाची पायरी चढलेली. हे पत्र मी त्यांच्या वतीने लिहीत नाही, तसा अधिकार मला कुणी दिलेला नाही. पण या फायली रोज हाताळताना जे दिसते ते आपल्यासमोर मांडल्यावाचून राहवत नाही. आपली न्यायालये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकत आहेत. त्यात लोकांची उमेद आणि वये सरत आहेत. आणि हे थांबवायला लागणारा कायदा बहुतांशी आपल्या हातात आधीपासूनच आहे.

एका पाझर तलावाचे उदाहरण घेते. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ही तक्रार एका गावाची किंवा एका कार्यालयाची नाही. संपादन जाहीर करणारी कलम 4 ची अधिसूचना एक, मोबदला ठरवणारा निवाडा एक, ताबाही एकाच सुमारास घेतलेला. त्या निवाड्यावर नाराज होऊन शंभरावर खातेदारांनी मोबदला वाढवून मागण्यासाठी 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 18 खाली अर्ज केले. ते अर्ज न्यायालयाकडे आले आणि तिथे एका प्रश्नाचे शंभर प्रश्न झाले. प्रत्येक अर्जाला वेगळा एलएआर (भूसंपादन संदर्भ) नंबर, वेगळी नोटीस, वेगळा रोजनामा. प्रत्येक फायलीत तीच दोन खरेदीखते, तोच गावनकाशा, त्याच मूल्यांकन तज्ज्ञाचा तोच अहवाल. शासनाची कैफियतही, म्हणजे लेखी उत्तरही, तीच, फक्त अर्जदाराचे नाव आणि गट नंबर बदललेला. एका कैफियतीत तर दुसऱ्याच तालुक्यातल्या प्रकल्पाचे नाव तसेच राहून गेले होते. ती निशाणी क्रमांक पडून कित्येक वर्षे रेकॉर्डवर होती आणि दोन्ही बाजूंपैकी कुणाच्याही ते लक्षात आले नव्हते. ज्या कागदाचा मजकूर सगळ्यांना पाठ असतो, तो कागद पुढे कुणी वाचत नाही.

उलटतपासणीही तशीच. जमीन हलक्या प्रतीची होती हे खरे आहे काय? हे म्हणणे खरे नाही. निवाड्यातला दर योग्य आहे हे खरे आहे काय? हे म्हणणे खरे नाही. दोन पाने टंकलिखित होतात, साक्षीदार अंगठा उठवतो, पुढचा पुकारा होतो. या दोन पानांसाठी त्या माणसाने दिवसाचा रोज बुडवलेला असतो आणि बहुतेक वेळा आधीच्या कितीतरी तारखांना तो नुसताच येऊन परत गेलेला असतो.

त्या शंभर अर्जांतले काही एका न्यायालयापुढे गेले, काही दुसऱ्या. ज्यांचा पुरावा आधी संपला त्यांचे निकाल झाले. मध्ये न्यायाधीशांची बदली झाली, आणि राहिलेले पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. परिणाम असा की एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन दर लागले. माती तीच, पाणी तेच, रस्त्यापासूनचे अंतर तेच. एका भावाच्या वाटणीत आलेल्या तुकड्याला जो दर मिळाला तो दुसऱ्या भावाच्या तुकड्याला मिळाला नाही. तो भाऊ मला विचारतो की माझ्या जमिनीत काय कमी होते. मी त्याला सांगते की तुमच्या प्रकरणात पुरावा वेगळा आला. हे उत्तर कायद्याने बरोबर आहे, पण त्याच्याकडे बघून ते देताना मला दर वेळी लाज वाटते.

पुढे प्रत्येक निकालाविरुद्ध शासनाचे वेगळे पहिले अपील. प्रत्येक अपिलासोबत वेगळा विलंब माफीचा अर्ज, वेगळा स्थगितीचा अर्ज, वेगळी नोटीस. अपील पडून असताना अर्जदार वारला की वारस रेकॉर्डवर घ्यायचे. त्यासाठी मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावे, लग्न होऊन गेलेल्या मुलींचे पत्ते, आणि मुदत टळलेली असेल तर पुन्हा विलंब माफी. एका फायलीत मूळ अर्जदाराच्या जागी आधी मुलगा लागला, आणि आता नातवंडे लागली आहेत. ज्या खरेदीखतांवर त्यांचा दर ठरायचा, ती शेजारच्या फायलीत केव्हाच शाबीत झालेली आहेत.

यात शासनाचे तरी काही वाचते का? हिशोब सोपा आहे. 1894 च्या कायद्याच्या कलम 28 नुसार न्यायालयाने वाढवलेल्या रकमेवर ताब्यापासून पहिल्या वर्षी 9 टक्के आणि त्यानंतर दरसाल 15 टक्के व्याज देता येते, आणि ते सहसा दिलेच जाते. प्रकरण पंधरा वर्षे रेंगाळले तर पहिल्या वर्षाचे 9 आणि पुढच्या चौदा वर्षांचे 210 मिळून 219 टक्के होतात. म्हणजे वाढीव मोबदल्याच्या प्रत्येक रुपयामागे नुसते व्याजच दोन रुपये एकोणीस पैसे. त्यात सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची 30 टक्के दिलासा रक्कम आहे, आणि त्या दिलासा रकमेवरही व्याज द्यावे लागते हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सुंदर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. ज्या अपिलात अखेर तोच दर कायम राहणार असतो, ते नुसते दाखल करून पडू देण्याची ही किंमत आहे. ती जनतेच्या पैशातून जाते. शेतकऱ्यालाही तिचे सुख नसते, कारण पैसे येईपर्यंत मुलीचे लग्न कर्ज काढून झालेले असते आणि दुसरीकडे जमीन घेण्याचा त्या वेळचा भाव कधीच मागे पडलेला असतो.

आता कायद्याबद्दल. एकाच अधिसूचनेतल्या जमिनींना वेगवेगळे दर मिळणे अन्यायाचे आहे हे संसदेने चाळीस वर्षांपूर्वीच ओळखले होते. 24 सप्टेंबर 1984 पासून 1894 च्या कायद्यात कलम 28अ आले. ज्या खातेदाराने स्वतः कलम 18 खाली अर्ज केला नाही, त्यालाही त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या कुणाला न्यायालयाने वाढवून दिलेल्या दराप्रमाणे मोबदला फेरठरवून मागता येतो. त्यासाठी त्याला न्यायालयात जावे लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की पुरते. 1995 मध्ये प्रदीप कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद आणखी उदार केली. मुदत फक्त पहिल्या निकालापासूनच मोजायची असे नाही, नंतरच्या निकालाचाही आधार घेता येतो. 2013 चा नवा कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला, त्यातही कलम 73 च्या रूपाने हीच तरतूद आहे. आणि 2017 मध्ये नरेंद्र विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात न्यायालयाने त्याच संपादनातल्या इतरांना मिळालेला दर अर्जदारांनाही दिला. त्यांनी स्वतः मागितलेली रक्कम त्याहून कमी होती, तरी ती आड येऊ दिली नाही.

इतका चांगला कायदा असताना तो खेड्यातल्या माणसापर्यंत पोचत का नाही? कारण कलम 28अ खाली अर्ज करायला न्यायालयाच्या निकालापासून तीन महिन्यांची मुदत आहे, आणि शेजाऱ्याच्या प्रकरणाचा निकाल लागला हे या माणसाला कुणीच कळवत नाही. ज्याने वकील लावला नाही, ज्याला तालुक्याला जायला सवड नाही, त्याच्यासाठीच ही तरतूद केली, आणि अट अशी घातली की त्यानेच न्यायालयाच्या निकालांवर लक्ष ठेवावे. शासन मात्र प्रत्येक प्रकरणात पक्षकार असते. निकाल कधी लागला, दर किती वाढला, त्या अधिसूचनेतले बाकीचे खातेदार कोण, हे सगळे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दप्तरात असते. निकालाची माहिती महिनाभरात गावच्या चावडीवर लावणे आणि निवाड्यातल्या प्रत्येक खातेदाराला तलाठ्यामार्फत कळवणे, एवढा एक आदेश महसूल विभागाने काढला तर किती तरी घरांचे भले होईल. यासाठी कायद्यात एक शब्दही बदलावा लागणार नाही.

सरकारी नोकरांच्या प्रकरणांतही हेच चालते, म्हणून थोडे त्याबद्दल. एका कर्मचाऱ्याने वेतनश्रेणीचा वाद जिंकला की त्याच संवर्गातल्या बाकीच्यांनाही तेवढ्याचसाठी न्यायालयात यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने अमृतलाल बेरी प्रकरणात सत्तरच्या दशकातच सांगितले होते की एकाने निकाल मिळवला की त्याच स्थितीतल्या इतरांना न्यायालयात न येता तो लाभ मिळाला पाहिजे. 2014 मध्ये अरविंद कुमार श्रीवास्तव प्रकरणात हे तत्त्व पुन्हा मांडले गेले, आणि वर्षानुवर्षे स्वस्थ बसून दुसऱ्याच्या निकालानंतर जागे होणाऱ्यांसाठी अपवादही सांगितला गेला. तरी 2018 मध्ये पिरथवी सिंग प्रकरणात न्यायालयाला काय लिहावे लागले ते आठवावे. ज्या प्रश्नाचा निकाल डिसेंबर 2017 मध्ये लागून गेला होता, त्याच प्रश्नावर केंद्र सरकारने पुन्हा अपील दाखल केले होते. त्या एका अपिलासाठी एका अतिरिक्त सॉलिसिटर जनरलसह दहा वकील नेमल्याची नोंद न्यायालयाने निकालपत्रात केली आणि एक लाख रुपये खर्च बसवला. त्या दहा वकिलांचे शुल्क कुणाच्या खिशातून गेले हे सांगायला नको.

अपील करायचे की नाही हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याची अडचण मला कळते. अपील केले नाही तर उद्या त्याला कुणी तरी विचारील, केले तर कुणी विचारत नाही. फायलीवर अपील करावे असे लिहिणे सुरक्षित असते. म्हणूनच हा निर्णय एकेका अधिकाऱ्याच्या धैर्यावर सोडता येणार नाही, तो नियमात बसवला पाहिजे. आणि असा नियम शासनाला सुचत नाही असेही नाही. प्राप्तिकराच्या 1961 च्या कायद्यात पुनरावृत्त अपिले टाळण्यासाठी खास प्रकरणच होते. कलम 158अ 1984 पासून होते : तोच कायदेशीर प्रश्न वरच्या न्यायालयात प्रलंबित असेल तर करदात्याने तसे लिहून द्यावे आणि तिथला निकाल मान्य करावा, त्याने पुन्हा वेगळे अपील लढण्याची गरज नाही. विभागाच्या बाजूनेही अशी सोय 2015 मध्ये झाली, आणि 2022 मध्ये कलम 158अब आणून ती व्यापक केली गेली. वरिष्ठ अधिकाऱ्यांचे मंडळ प्रश्न तोच आहे का ते पाहणार, आणि तोच असेल तर विभागाचे अपील वरचा निकाल लागेपर्यंत पुढे ढकलले जाणार. करदात्यासाठी आणि कर विभागासाठी जे करता आले, ते जमीन गेलेल्या शेतकऱ्यासाठी का करता येऊ नये?

धनादेश न वटल्याच्या खटल्यांचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही, कारण पुनरावृत्तीचा सगळ्यात मोठा ढीग तिथे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 16 एप्रिल 2021 च्या आदेशात दिलेला आकडा असा आहे : 31 डिसेंबर 2019 रोजी देशात प्रलंबित असलेल्या 2 कोटी 31 लाख फौजदारी प्रकरणांपैकी 35 लाख 16 हजार एकट्या कलम 138 ची, म्हणजे धनादेश न वटल्याची होती. एकाच कर्जाचे हप्ते म्हणून दिलेले धनादेश एकामागून एक परत आले की तेवढ्या वेगळ्या तक्रारी होतात, आणि बेलिफ त्याच घरी, त्याच माणसासाठी, वेगवेगळी समन्स घेऊन जातो. घटनापीठाने सांगितले की एकाच व्यवहारातल्या धनादेशांबद्दल त्याच न्यायालयात दाखल असलेल्या तक्रारींपैकी एकीत समन्स बजावले गेले की ते सगळ्यांत बजावले गेले असे धरावे. बारा महिन्यांच्या आत घडलेले कलम 138 चे अनेक गुन्हे एकाच खटल्यात चालवता यावेत म्हणून कायदा बदलण्याची शिफारसही केली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेने एका वर्षातले एकाच प्रकारचे गुन्हे एकत्र चालवण्याची मर्यादा तीनवरून पाचवर नेली. पाऊल बरोबर दिशेने पडले, पण छत्तीस हप्त्यांचे कर्ज घेतलेल्या माणसाला पाचची मर्यादा कितीशी पुरणार?

इथवर मी वेळेबद्दल आणि पैशांबद्दल बोलले. याहून गंभीर एक गोष्ट आहे. सारखी प्रकरणे सुटी सुटी ऐकली की त्यांच्या मुळाशी असलेला समान दोष कुणालाच दिसत नाही. ब्रिटनमधल्या पोस्ट खात्याचे प्रकरण आता जगाला माहीत आहे. होरायझन नावाच्या संगणक प्रणालीत हिशेब कमी दिसला म्हणून 1999 ते 2015 या काळात पोस्टाची शाखा चालवणाऱ्या शेकडो लोकांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. अशी अडचण फक्त तुम्हालाच येते, असे त्यांतल्या अनेकांना सांगितले गेले होते. प्रत्येक न्यायालयापुढे एकच आरोपी आणि एकच हिशेब होता, त्यामुळे प्रणालीच चुकत असावी ही शंका कुठल्याच एका फायलीत पुरेशी भक्कम झाली नाही. पुढे 555 जणांनी एकत्र दावा लढवला, तेव्हा डिसेंबर 2019 मध्ये न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले. 2024 मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तोवर काही जण तुरुंगात जाऊन आले होते आणि काही या जगात नव्हते. आपल्याकडच्या निवाड्यांतही असे दोष असतात. एखाद्या अधिकाऱ्याने रेडी रेकनरचा चुकीचा विभाग धरलेला असतो, किंवा संयुक्त मोजणीत अख्ख्या शिवाराचे पाणी नोंदवायचे राहून गेलेले असते. एका फायलीत तो अर्जदाराचा कांगावा वाटतो. शंभर फायली एकत्र ठेवल्या की तो निवाड्याचा दोष असल्याचे समजते.

मात्र सगळे गठ्ठ्याने निकाली काढा, असे मी मुळीच म्हणत नाही. गठ्ठ्याचा अन्यायही मी जवळून पाहिला आहे. एका एकत्रित निकालात सगळ्या जमिनी जिरायत धरून एकच दर लावला गेला. त्यांत एका बाईंच्या गटात विहीर होती. सातबाऱ्यावर तिची नोंद होती, संयुक्त मोजणीत मोसंबीची झाडे मोजलेली होती. ते दोन्ही कागद फायलीत होते. पण निकाल मुख्य प्रकरणाच्या फायलीवरून लिहिला गेला, आणि मुख्य प्रकरणातल्या जमिनीत ना विहीर होती ना झाडे. ती दुरुस्ती करून घ्यायला बाईंना वेगळे अपील करावे लागले. ज्या प्रकरणात काही तरी वेगळे आहे नेमके तेच गठ्ठ्यात दबते, आणि ज्याचा वकील त्या दिवशी हजर नसतो त्याचे सगळ्यात आधी दबते. धनादेशाच्या खटल्यांतही असेच आहे. सही माझी नाही, किंवा धनादेश कोरा आणि तारण म्हणून दिला होता, असे म्हणणाऱ्या माणसाचे म्हणणे त्याच्यापुरते स्वतंत्रच ऐकले पाहिजे. दुसऱ्या पाचशे जणांनी पैसे बुडवले हा त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही.

आणि ज्याचा निकाल सगळ्यांना लागू होईल असा एक नमुना खटला निवडला म्हणजे काम लवकर होते असेही नाही. जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या समभागांवरून सुमारे 17 हजार गुंतवणूकदारांनी दावे केले, तेव्हा तिथल्या संसदेने 2005 मध्ये नमुना खटल्याचा खास कायदा केला. कायदा विचारपूर्वक केलेला होता, पण प्रकरण तडजोडीपर्यंत पोचायला त्यानंतरही दीड दशकाहून अधिक काळ गेला. सगळ्यांचे भवितव्य एका खटल्याला बांधायचे असेल तर तो खटला रोज चालला पाहिजे. तो इतर खटल्यांसारखा तारखांच्या रांगेत उभा राहिला, तर एकाऐवजी सगळेच अडकतात.

माझे म्हणणे इतकेच आहे की जे समान आहे ते एकदाच, नीट आणि सगळ्यांसमोर ऐकावे. जे वेगळे आहे ते वेगळे ऐकावे. आज आपण बरोबर उलटे करतो. समान गोष्ट शंभर वेळा ऐकतो आणि वेगळी गोष्ट ऐकायला वेळ उरत नाही.

हे प्रत्यक्षात कसे करावे, याबद्दल कामातून सुचलेले सांगते. एलएआर नोंदवताना संगणकात अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख भरणे सक्तीचे करावे. त्या एका रकान्यावरून एका अधिसूचनेतली सगळी प्रकरणे आपोआप एका यादीत येतील आणि एकाच न्यायाधीशांकडे देता येतील. आज ती शोधण्याचे काम वकील आणि लिपिक आठवणीवर करतात, आणि आठवण असणारा लिपिक बदलून गेला की माहितीही जाते. नव्वदच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने समान कायदेशीर प्रश्नांची प्रकरणे संगणकाच्या मदतीने शोधून एकत्र लावली होती, आणि तिथली थकबाकी लक्षणीय घटायला त्याचा मोठा हातभार लागला होता. त्या वेळच्या संगणकांवर जे झाले ते आज व्हायला अडचण काय?

यादी झाली की मुख्य प्रकरणे दोन्ही बाजूंनी मिळून निवडावीत, आणि एकच न निवडता प्रत्येक प्रकारची एक निवडावी : एक जिरायत, एक बागायत, एक विहिरीची, एक रस्त्यालगतची, एक गावठाणाजवळची. खरेदीखते, नकाशा आणि तज्ज्ञाची साक्ष यांचा पुरावा त्यांत एकदाच नोंदवावा. दोन्ही बाजूंनी पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली की तोच पुरावा बाकीच्या प्रकरणांत वाचता येतो, हे आजही काही न्यायाधीश आपल्या पुढाकाराने करतात. त्याला उच्च न्यायालयाच्या परिपत्रकाचे बळ मिळाले तर सरकारी वकिलांना पुरसिस द्यायला वरून परवानगीची वाट पाहावी लागणार नाही. निकालपत्राला एक तक्ता जोडावा. त्यात प्रत्येक गटासमोर क्षेत्र, प्रकार, विहीर, झाडे, पाइपलाइन, घर असे रकाने असावेत, आणि तो तक्ता अंतिम करण्यापूर्वी दोन्ही बाजूंना हरकतीसाठी द्यावा. त्या बाईंची विहीर अशा तक्त्यातून सुटली नसती.

शासनाने अपील करायचेच ठरवले तर ते मुख्य प्रकरणांतच करावे. बाकीच्यांत वरचा निकाल आम्हांलाही बंधनकारक राहील असे लेखी द्यावे आणि ज्या रकमेबद्दल वादच नाही ती तोवर खातेदारांना काढू द्यावी. एखाद्या प्रश्नावर उच्च न्यायालयाचा निकाल अंतिम झाला असेल, तर त्याच प्रश्नावर नवे अपील करण्यापूर्वी हे प्रकरण त्या निकालापेक्षा वेगळे कशात आहे ते विधी विभागाने फायलीवर दोन ओळींत लिहावे. त्या दोन ओळी लिहिता येत नसतील तर अपील करू नये.

शेवटची विनंती लोकअदालतीबद्दल आहे, आणि ती तातडीची आहे. भूसंपादनाची प्रकरणे मोठ्या संख्येने लोकअदालतीत ठेवली जातात. तडजोड होते, रक्कम लवकर हाती येते, अपील होत नाही. हे चांगलेच आहे. पण 2022 मध्ये नोएडा विरुद्ध युनूस या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की लोकअदालतीतला निवाडा हा कलम 28अ साठी न्यायालयाचा निवाडा नाही, त्याच्या आधारे इतरांना फेरनिश्चिती मागता येत नाही. याचा अर्थ असा की ज्यांनी वकील लावला होता त्यांची प्रकरणे तडजोडीने मिटली, तर ज्यांनी कधीच अर्ज केला नाही त्यांच्यासाठी आधार धरायला एकही निकाल उरत नाही. तडजोडीला बसलेल्या कुणाचाच तसा हेतू नसतो, पण परिणाम तोच होतो. म्हणून अशा प्रत्येक तडजोडीआधी त्या अधिसूचनेतल्या निदान एका प्रकरणात न्यायालयाचा गुणवत्तेवर निकाल झालेला आहे का, हे पाहण्याची सूचना आपण द्यावी. झाला नसेल, तर एक प्रकरण निकालासाठी राखून ठेवावे, किंवा तोच दर उरलेल्या खातेदारांनाही देण्याचे शासनाने वेगळे लेखी मान्य करावे. लोकअदालतीच्या याद्या आधीपासून तयार होत असतात. पुढच्या लोकअदालतीची यादी बंद होण्यापूर्वी ही सूचना निघू शकते.

कळावे,

आपली,
दिवाणी न्यायालयात काम करणारी एक वकील